ईसीएमवरचा आळ

नाशकात द्वारकेपासून वडाळा नाक्यापर्यंत किंवा सातपूर-अंबडच्या मागच्या गल्ल्यांत कुठल्याही गॅरेजसमोर घटकाभर उभं राहिलं, तर "ईसीएम गेलाय" हे वाक्य कानावर पडतंच. एके काळी गाडी अडली की संशय पॉइंट-कंडेन्सरवर जायचा, डिझेल असेल तर पंपावर. आता तो सगळा इंजिन कंट्रोल मॉड्यूलवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडीच्या कॉम्प्युटरवर येऊन थांबला आहे. चालती गाडी बंद पडली, सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, चेक लाईट विझत नाही, चढाला पिकअप पडतो: तक्रारी चार, निकाल एक. माझं म्हणणं असं की हा निकाल ज्या पुराव्यावर दिला जातो, त्या पुराव्याने ईसीएमचा दोष सिद्धच होत नाही. ईसीएम बिघडतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. तो बिघडतो, आणि कसा बिघडतो तेही पुढे येईल.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती, आणि तोही असा की समोरच्याने मान डोलावून "हेच म्हणायचं होतं मला" असं म्हणावं. तेव्हा आधी त्याची बाजू. गॅरेजवाला म्हणतो: स्कॅनर लावला, त्याने कोड दाखवला, मी माझ्या मनाचं सांगत नाही, मशीन सांगतंय. दुसरं, सेन्सर बदलून पाहिले, रिले बदलून पाहिला, काही झालं नाही; ईसीएम बदलला आणि गाडी एका सेल्फला चालू झाली, याहून मोठा पुरावा कोणता? तिसरं, हा बंद डबा आहे. कार्ब्युरेटर खोलून जेट बघता यायचा. इथे आत काय चाललंय ते बघायची सोयच नाही, मग बदलण्यावाचून उपाय काय? आणि चौथं, जे तो मोठ्याने म्हणत नाही: दारात सहा गाड्या उभ्या आहेत, जागेचं भाडं चालू आहे आणि ग्राहकाला गाडी संध्याकाळी हवी आहे. यातला एकही मुद्दा लबाडीचा नाही. म्हणूनच त्याला गंभीरपणे उत्तर द्यायला हवं.

स्कॅनरपासून सुरुवात करू. आपल्याकडच्या मोटारींत कायद्याने ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स आलं ते भारत स्टेज ४ सोबत: एप्रिल २०१० पासून पहिला टप्पा, एप्रिल २०१३ पासून दुसरा. अमेरिकेत हीच व्यवस्था १९९६ पासून सक्तीची आहे. दोन्हीकडे हेतू एकच, प्रदूषणावर नजर ठेवणं. धूर वाढेल असा काही बिघाड झाला की चालकाला दिवा दिसावा आणि बिघाडाची नोंद राहावी, एवढ्यासाठी हे कोड जन्माला आले. कोणता पार्ट विकत आणायचा हे सांगणं त्यांचं काम कधीच नव्हतं. पी०३३५ हा कोड घ्या. गॅरेजात त्याचं भाषांतर "क्रँक सेन्सर गेला" असं होतं. प्रमाण व्याख्येत तो क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या 'सर्किट'चा कोड आहे. सर्किटमध्ये सेन्सर येतो, त्याच्या दोन किंवा तीन वायरी येतात, दोन्ही टोकांचे कपलर येतात, फ्लायव्हीलवरचं दातेरी चाक येतं आणि ईसीएमचा तेवढा कोपराही येतो. कोड म्हणजे ईसीएमने दिलेली तक्रार: मला अमुक ठिकाणाहून जे यायला हवं ते येत नाही. आता गंमत बघा, गॅरेजात फिर्यादीलाच आरोपी करून टाकतात. जो ईसीएम वीस सेन्सरांची हजेरी घेतोय, गैरहजर असलेल्याचं नाव लिहून ठेवतोय आणि स्कॅनरने विचारल्यावर ते वाचून दाखवतोय, तो मेला आहे असं म्हणायला थोडं धाडस लागतं.

याहून फसवी जागा दुसरी आहे. स्कॅनरवर एकदम चार कोड येतात: रेल प्रेशर सेन्सरचं व्होल्टेज कमी, बूस्ट सेन्सरचं कमी, पेडल सेन्सरचं कमी, आणखी एखादा. मेकॅनिक विचार करतो की एकाच दिवशी चार सेन्सर कसे जातील? म्हणजे नक्कीच ईसीएम गेला. या विचाराची पहिली पायरी अगदी बरोबर आहे. चार सेन्सर एकदम जात नाहीत. दुसरी पायरी मात्र घसरते. ईसीएम बॅटरीचे १२ व्होल्ट घेतो आणि आतल्या रेग्युलेटरने त्याचे नेमके ५ व्होल्ट करून सेन्सरांना देतो. ही ५ व्होल्टांची वायर बहुतेकदा प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र नसते. दोन-तीन सेन्सर एका फाट्यावर असतात. त्यातल्या एका सेन्सरच्या पोटात शॉर्ट झालं, किंवा त्याची वायर ब्रॅकेटला घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली, की त्या फाट्यावरचे सगळे ५ व्होल्ट जमिनीत जातात. बाकीचे सेन्सर निरोगी असूनही मुके होतात. मल्टीमीटरची लाल सुई कुठल्याही एका सेन्सरच्या ५ व्होल्टांच्या पिनवर लावून ठेवा, इग्निशन चालू करा आणि त्या फाट्यावरच्या सेन्सरांचे कपलर एकेक करून काढा. एखादा कपलर काढला आणि मीटर अर्ध्या व्होल्टावरून टणकन पाचावर गेला, की गुन्हेगार हातात आहे. सगळे काढूनही पाच आले नाहीत तर वायर तपासायची, म्हणजे ईसीएमकडून ती पिन सोडवून मधलाच तुकडा बॉडीला टेकतोय का ते पाहायचं. तरीही काही सापडलं नाही आणि ईसीएमच्या पिनवरच पाच येत नसतील, तेव्हा कुठे ईसीएमकडे बोट दाखवायचा हक्क मिळतो. काही गाड्यांत हा फाटा असा बसला की स्कॅनरशी बोलणंही बंद होतं, आणि मग "कनेक्टच होत नाही, मेलाच आहे" असा शेरा बसतो. एक कपलर काढल्यावर उठून बसणारा मुडदा!

इथे पूर्वपक्षी आपलं सगळ्यात जड अस्त्र काढेल. "पी०६०१, पी०६०५, पी०६०६ या कोडांचं काय? ते तर ईसीएमच्या स्वतःच्या स्मृतीचे आणि प्रोसेसरचे कोड आहेत." खरं आहे, आणि हे कोड आले तर ईसीएमवरचा संशय बळावतो हे मी मान्य करतो. पण संशय आणि सिद्धी यांत अंतर असतं. सेल्फ मारताना दमलेली बॅटरी बराच खाली बसते. मेन रिलेचे संपर्क जळलेले असतील तर ईसीएमपर्यंत पोचणारं व्होल्टेज त्याहून खाली जातं, आणि प्रोसेसर मध्येच झोपून पुन्हा उठतो. असा उठलेला प्रोसेसर आपल्याच प्रकृतीविषयी वाटेल ते लिहून ठेवू शकतो. म्हणून आधी पुरवठा आणि अर्थिंग तपासायचं, कोड पुसायचे, गाडी चालवायची. पुरवठा ठणठणीत असताना तोच कोड परत आला तर त्याला वजन. पहिल्याच वेळी दिसलेला पी०६०६ हा फक्त पुढच्या तपासणीचा आदेश आहे.

तर्काच्या भाषेत ही चूक फार जुनी आहे. जिथे धूर तिथे अग्नी हे खरं, पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. 'तर्कसंग्रह' ही न्यायशास्त्राची प्राथमिक पोथी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे पहिल्या काही महिन्यांत पाठ होतं. ईसीएम बिघडला तर गाडी बंद पडते, हे खरं. गाडी बंद पडली म्हणून ईसीएम बिघडला, हे उलटं वाक्य त्याच्या मागोमाग आपोआप येत नाही. कसारा घाट चढताना गाडी मरते, बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. हा प्रकार "ईसीएम गरम होतो" या नावाखाली जातो. पण इंजिनाला चिकटून बसलेला क्रँक सेन्सर तापला की त्याचं आतलं गुंडाळं तुटून उघडतं आणि थंड झालं की परत जुळतं, हे ईसीएमपेक्षा कितीतरी सहज घडू शकतं. बऱ्याच गाड्यांत फ्लायव्हीलवरच्या चाकावर साठातले दोन दात गाळलेले असतात. त्या रिकाम्या जागेवरून ईसीएमला कळतं की पिस्टन कुठे आहे. सेन्सरचं स्पंदन आलं नाही तर तो इंजेक्टर उघडत नाही, आणि उघडूही नये. सेन्सरवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडून पाहायला दहा मिनिटंही लागत नाहीत. ईसीएम मागवायला दोन दिवस लागतात, तरी दुसराच मार्ग का निवडला जातो, ते शेवटी बघू.

आता पूर्वपक्षाचा दुसरा मुद्दा, ज्यापुढे भलेभले गप्प होतात: बदलला आणि चालू झाली. न्यायशास्त्रात 'अन्यथासिद्ध' नावाची एक संकल्पना आहे. घडा होण्याआधी कुंभाराचं गाढवही तिथे असतं, माती त्यानेच आणलेली असते. तरी घड्याच्या कारणांत गाढवाची गणना होत नाही, कारण त्याच्यावाचूनही घडा झाला असता. ईसीएम बदलताना नेमकं काय काय घडतं ते बघा. बॅटरीचं टर्मिनल काढून परत घट्ट बसवलं जातं. ईसीएमचा शंभराहून जास्त पिनांचा कपलर निघतो आणि परत बसतो, त्यात पिनांवरचा हिरवा-पांढरा थर खरवडला जातो. कुठे ढिली बसलेली पिन पुन्हा जागेवर जाते. वायरिंगचा लूम हलतो. ईसीएमने मागच्या कित्येक महिन्यांत शिकून ठेवलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात. अर्थिंगचा बोल्ट वाटेत आला म्हणून उघडून परत कसला जातो. या सहा गोष्टींपैकी कुठल्याही एकीने गाडी चालू होऊ शकते, आणि सातवी गोष्ट, म्हणजे नवा ईसीएम, हे त्यातलं गाढव असू शकतं.

गाढव की कुंभार, हे ठरवायचा उपाय साधा आहे आणि तो फारच थोडे लोक करतात: जुना ईसीएम परत बसवा. गाडी तरीही चालली तर आरोपी निर्दोष सुटला, नवा डबा परत करा. जुना बसवल्यावर दोष परत आला, नवा बसवल्यावर परत गेला, तर मात्र मी हात जोडतो. असलं तर असतं हा अन्वय झाला, नसलं तर नसतं हा व्यतिरेकही झाला. या एका उलट्या प्रयोगाचा कंटाळा हाच माझ्या मते गॅरेजातल्या ईसीएमविषयक सगळ्या दंतकथांचा मूळ झरा आहे. गाडी चालू झाली, बिल झालं, आता कोण परत खोलतो? मग पंधरा दिवसांनी तीच गाडी तीच तक्रार घेऊन येते, तेव्हा "नवा पण डिफेक्टिव्ह निघाला" असं सांगितलं जातं.

कधी कधी नवा खरोखरच जळतो. इंजेक्टरचं गुंडाळं किंवा इग्निशन कॉइल आतून शॉर्ट असेल तर ती चालवणारा ईसीएममधला ट्रान्झिस्टर क्षमतेबाहेरचा प्रवाह झेलतो आणि जातो. इथे ईसीएम खरोखर मेलेला असतो, निदान अक्षरशः बरोबर असतं, आणि तरीही ते अपुरं असतं, कारण मारेकरी गाडीतच मोकळा फिरतोय. त्या इंजेक्टरचा ओहममध्ये रोध न मोजता नवा ईसीएम बसवला तर त्याचाही तोच शेवट. बॅटरीच्या तारा उलट्या लावणं, बॅटरी न काढता चॅसिसला वेल्डिंग करणं, अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून १५ व्होल्टांच्या वर चार्जिंग होणं, हे बाकीचे मारेकरी. बॉडी बिल्डरकडे पिकअपच्या हौद्याचं काम करून आलेली गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडली, तर मी पहिला प्रश्न वेल्डिंगचाच विचारीन.

"बंद डबा आहे, आत काय ते कसं बघणार?" या तिसऱ्या मुद्द्याला उत्तर असं की आत बघायची गरज जवळजवळ शेवटपर्यंत पडत नाही. डब्यात काय जातं आणि डब्यातून काय येतं हे बाहेरून मोजता येतं. त्यात सगळ्यात दुर्लक्षित मोजमाप अर्थिंगचं. मेकॅनिक मीटर ओहमवर लावतो, एक टोक ईसीएमच्या अर्थिंगच्या पिनेला, दुसरं बॉडीला. शून्य दाखवतं, बीप वाजतं, अर्थिंग पास. या परीक्षेत नापास होणं कठीण आहे. वायरच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटून एक उरली असली, तरी मीटर शून्यच दाखवणार, कारण मीटर तिच्यातून जेमतेम मुंगीच्या पावलाएवढा प्रवाह पाठवतो. ईसीएमच्या पुरवठ्याचंही तेच. मल्टीमीटरचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम. १२ व्होल्टांवर तो घेतो सुमारे एक मायक्रोअँपिअर. कुजलेल्या वायरवरही तो बारा दाखवून मोकळा. त्याच पिनेवर हेडलाईटचा ५५ वॉटचा बल्ब लावा. तो साडेचार अँपिअर मागतो. वायरमध्ये एकच ओहमचा रोध असेल तर तीन-एक व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि बल्ब पिवळट, आजारी पेटतो. पांढराशुभ्र पेटला तर वायर खरी. जुन्या वायरिंगवाल्यांच्या हातात दोन वायरी सोडलेला बल्ब असायचा, त्याला नवशिके हसतात. हजारो रुपयांच्या मीटरला जे कळत नाही ते त्या बल्बला कळतं, फक्त तो कपलर काढून पुरवठ्याच्या आणि अर्थिंगच्या वायरींवरच लावायचा. सेन्सरच्या ५ व्होल्टांच्या वायरीवर लावला तर निरोगी ईसीएम स्वतःच्या हाताने मारला जाईल.

अर्थिंगची खरी परीक्षा सेल्फ फिरत असताना घ्यायची. मीटर व्होल्टवर, काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, लाल ईसीएमच्या अर्थिंगच्या पिनेवर, कपलर जोडलेलाच, मागून सुई घालून. दुसऱ्याने सेल्फ मारायचा. एक दशांश व्होल्टाच्या आसपास आकडा राहिला तर ठीक. अर्ध्या व्होल्टावर गेला तर वायर, लग किंवा रंगावर कसलेला बोल्ट यांत खोट आहे. ईसीएमच्या पिनेपर्यंत पोचणं अवघड असेल तर स्कॅनरवर ईसीएमचं स्वतःचं व्होल्टेज दाखवणारी ओळ असते. ती आणि बॅटरीवरचा प्रत्यक्ष आकडा ताडून पाहा. बॅटरीवर १४.१ आणि ईसीएमला वाटतंय १३.२, तर वाटेत जवळपास एक व्होल्ट कोणीतरी खातोय. कोडांच्या यादीमागे धावताना स्कॅनरमधली ही ओळ बहुतेक जण उघडतच नाहीत.

"कनेक्ट होत नाही" या तक्रारीलाही असंच मोजमाप आहे. गाडीतले संगणक कॅन बसच्या दोन वायरींवर बोलतात. ही पद्धत बॉशने १९८६ मध्ये जगापुढे ठेवली. त्या जोडीच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध असतात, म्हणून बॅटरी काढून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ या पिनांमध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलं. शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. आणि ६० आले, पुरवठा पक्का, अर्थिंग पक्कं, तरी ईसीएम बोलत नाही, तेव्हा मग ईसीएमची बाजू घ्यायला मीसुद्धा उरत नाही.

वायरिंगवर मी एवढा भर देतोय याला कारण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने १,०८,३०६ एक्सयूव्ही७०० गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. इंजिन बेमधल्या वायरिंग लूमची मांडणी अशी होती की घासून वायर कापली जाण्याची शक्यता होती. कारखान्यातून नव्या निघालेल्या गाडीच्या लूमचं हे, तर दहा पावसाळे पाहिलेल्या, दोनदा अपघाताचं काम झालेल्या आणि उंदरांच्या तावडीतून वाचलेल्या लूमचं काय? इगतपुरीकडच्या पावसात रोज ये-जा करणारी गाडी आणि द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या मळ्यांत रात्रभर उभी राहणारी पिकअप, दोघींच्या कपलरमध्ये वेगवेगळ्या वाटांनी संकट शिरतं. आणखी एक नाशिकचंच उदाहरण. जुलै २०२१ मध्ये महिंद्राने आपल्या इथल्या प्रकल्पात २१ जून ते २ जुलै या काळात बनलेल्या सहाशेहून कमी डिझेल गाड्या तपासायला घेतल्या. इंजिनाचे भाग अकाली झिजण्याची भीती होती, आणि कारण निघालं कारखान्यात आलेलं दूषित इंधन. दोष इंजिनात दिसणार होता. शोध मात्र इंधनापर्यंत पोचला. निदान म्हणतात ते याला.

पुराचा विषय काढल्याशिवाय नाशिकच्या गाड्यांची गोष्ट पुरी होत नाही. २००८, २०१६, २०१९ या वर्षी गोदावरी अशी चढली की पात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला याचीच चर्चा घरोघरी होती. नदीकाठी उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी शिरलं तर ईसीएम जाऊ शकतो, यात वाद नाही. पण तो पाण्याने जितका जातो, त्याहून जास्त मालकाच्या घाईने जातो. ओल्या पिनांवर बॅटरीचं व्होल्टेज चालू राहिलं की तांबं विरघळून शेजारच्या पिनेकडे सरकू लागतं. बॅटरी लगेच काढली, कपलर उघडून वाळवला, तर बरेचसे ईसीएम वाचायची आशा असते. चालू होते का बघू म्हणून किल्ली फिरवली की मग आशा फार थोडी. पाणी वायरच्या आवरणाच्या आतून, तारांच्या मधल्या फटीतून वर चढत ईसीएमपर्यंत पोचतं, हेही लक्षात घ्यावं. काही जर्मन गाड्यांत याच वाटेने सेन्सरमधलं इंजिन ऑइल ईसीएमच्या कपलरपर्यंत गेल्याचं जगभरच्या मेकॅनिकांनी पाहिलं आहे. डबा कोरड्या जागी आहे म्हणून तो सुरक्षित, हे म्हणूनच पुरतं खरं नाही.

आता माझ्या बाजूची अडचण. इलेक्ट्रॉनिक्सवर फुकाचा आळ येतो म्हणणाऱ्यांना टोयोटाचं प्रकरण आवडतं. गाड्या आपोआप सुसाट सुटतात अशा तक्रारींवर अमेरिकी सरकारने नासाला बसवलं. दहा महिन्यांच्या तपासानंतर फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला की एवढा थ्रॉटल उघडू शकेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, जे सापडलं ते अडकणारं पेडल आणि पायाखालचं मॅट. मीही हे उदाहरण दिमाखात सांगितलं असतं. पण ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या एका ज्युरीने ईसीएमच्या सॉफ्टवेअरवरची तज्ज्ञाची साक्ष ऐकून टोयोटाला जबाबदार धरलं. आणि ऑगस्ट २०१० मध्ये त्याच कंपनीने २००५ ते २००८ च्या कोरोला आणि मॅट्रिक्स अशा सुमारे ११ लाख ३० हजार गाड्या परत बोलावल्या होत्या, त्या तर थेट ईसीएमसाठी: सर्किट बोर्डावरच्या सोल्डरच्या सांध्यांत किंवा व्हेरिस्टरमध्ये तडा जाऊन इंजिन चालता चालता बंद पडू शकत होतं. म्हणजे पूर्वपक्षाचं "ईसीएम जातो" हे विधान शंभर टक्के खरं आहे. माझा झगडा "म्हणून या गाडीतला गेला" या पुढच्या उडीशी आहे. टोयोटाने तडा दाखवला. गॅरेजने निदान मोजलेला एक आकडा तरी दाखवावा.

तेव्हा ईसीएम खरोखर दोषी कधी ठरतो? पुरवठा आणि अर्थिंग बल्बच्या परीक्षेत उतरले आहेत, सेन्सर सोडवून, वायर तपासूनही ५ व्होल्ट येत नाहीत. किंवा क्रँकचं स्पंदन ईसीएमच्या पिनेपर्यंत चोख येतंय, रेलमध्ये पुरेसा दाब आहे, इमोबिलायझरचा अडथळा नाही, तरी तीन इंजेक्टरांना इशारा जातो आणि चौथ्याला नाही, आणि चौथ्याची वायर व इंजेक्टर दोन्ही निर्दोष आहेत. एवढं झालं की डबा उघडायला हरकत नाही. जळका वास, फुगलेला कपॅसिटर, ट्रान्झिस्टरभोवती काळवंडलेला बोर्ड दिसला तर दुरुस्तीही शक्य असते. "ईसीएम रिपेअर होतच नाही" हा दुसरा लोकभ्रम. साध्या बोर्डावरचा जळलेला भाग बदलता येतो. सिरॅमिकवर केसासारख्या तारांनी जोडलेले, जेलने भरलेले बोर्ड मात्र सोल्डरिंग आयर्नच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि तसं स्पष्ट सांगणारा कारागीर भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

बदलायचाच असेल तर नंबर जुळला म्हणून भंगारातला आणून लावला, असं चालत नाही. किल्लीतल्या चिपची ओळख ईसीएममध्ये कोरलेली असते. परका ईसीएम आपल्या किल्लीला ओळखत नाही, आणि मग "हा पण मेलेला निघाला" असं म्हणून तिसरा आणला जातो. डिझेल गाडीत आणखी एक बारकावा आहे. सातपूरच्या ज्या कारखान्याला नाशिककर अजून मायको म्हणतात, त्या बॉशच्या कारखान्यात इंजेक्टर बनतात, आणि कॉमन रेलच्या प्रत्येक इंजेक्टरला त्याच्या सूक्ष्म फरकाप्रमाणे एक कोड दिलेला असतो. ते चारही कोड नव्या ईसीएममध्ये क्रमाने भरावे लागतात. नाही भरले तर गाडी चालू होते, पण आयडलिंगला थरथरते, ठोकते, धूर मारते. आणि मग बिचाऱ्या इंजेक्टरांवर आळ येतो. जुना ईसीएम वाचता येत असेल तर त्यातला डेटा नव्यात उतरवून घेणं हाच सरळ मार्ग. आणि भंगारातला घ्यायचाच असेल तर तो कुठल्या गाडीचा, कागद कुठे, हे विचारावं. चोरीच्या गाड्या सुट्या होऊनच विकल्या जातात.

राहिला चौथा मुद्दा, वेळेचा, आणि इथे मी गॅरेजवाल्याच्या बाजूने आहे. वर सांगितलेली मोजमापं करायला जाणत्या माणसाला तास-दीड तास लागतो. तो तास बिलात कुठे लिहायचा? "अर्थिंगचा बोल्ट साफ करून कसला, ८०० रुपये" असं बिल दिलं तर आपण नाशिककर ग्राहक काउंटरवर हुज्जत घालतो: बोल्ट कसायचे आठशे? तोच ग्राहक ईसीएमचं पाच आकडी बिल मुकाट्याने देतो, कारण हातात खोका दिसतो. पार्टचे पैसे द्यायचे आणि अकलेचे द्यायचे नाहीत, ही आपली सवय त्या मेकॅनिकला खोक्याकडे ढकलते. आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेला मुलगा ओहमचा नियम शिकूनच आलेला असतो. गॅरेजात तो नियम वापरायचे पैसे मिळत नाहीत म्हणून विसरतो.

माझ्यापुरता मी यातून काढलेला मार्ग असा. तपासणीची मजुरी वेगळी, आधी ठरवून द्यायची, पार्ट बदलला तरी आणि न बदलला तरी. बदल्यात जॉब कार्डवर चार आकडे लिहून मागायचे: बॅटरीचं व्होल्टेज, सेल्फ फिरताना ईसीएमला पोचणारं व्होल्टेज, तेव्हाच मोजलेली अर्थिंगवरची गळती आणि सेन्सरचे ५ व्होल्ट. ईसीएम बदललाच तर जुना खोक्यात घालून परत घ्यायचा. त्यात आपल्या चाव्यांची ओळख आणि आपल्या इंजेक्टरांचे कोड असतात, आणि महिन्याभरात गाडी पुन्हा तशीच बंद पडली तर तोच डबा परत बसवून पाहावा लागणार असतो.